जयपाल आण्णांचा मौनाचा तास

आकारामानं पायाला हात लावला तेव्हा जयपाल आण्णांना आधी वाटलं, याला सुट्टी पाहिजे असणार.

कुपवाडला आण्णांचा छोटा कारखाना होता. द्राक्षबागेत औषध फवारायच्या यंत्राला जे पितळी नोझल लागतात, ते तिथं होत. आकाराम तिथला सगळ्यात जुना फिटर. आण्णांची बोलणी खात खात त्याचे केस पिकले होते, आणि आण्णांवर दात खात खात दातही गेले होते. एवढ्या वर्षांत त्या शेडमध्ये कुणी कुणाच्या पाया पडल्याचा प्रसंग आला नव्हता.

"काय रं? सुट्टी पायजे व्हय?"

"न्हाई आण्णा. आशीर्वाद द्या."

"कशाचा?"

"तुमी आता जाणार. परत गाठ पडती न पडती. आजवर तोंडावर कधी उलटून बोललो असंल, माफी करा. पाठीमागं तर रोजच बोललोय, त्याचीबी करा."

"मी कुठं जाणार?"

आकारामानं मालकाकडं असं बघितलं, की जणू देवानंच आपलं नाव-गाव लपवलं आहे. "ऱ्हाऊ द्या आण्णा. समद्या गावाला म्हाईत हाय. तुमी दीक्षा घेणार. घरदार सोडून अनवाणी निघणार. आमी जैन नसलो म्हणून काय झालं, आमाला काय कळत न्हाई व्हय?"

मागं लेथवरची पोरं हात जोडून उभी होती. एकानं तर हेल्मेटही काढलं होतं. आण्णांनी मिशीचा एक केस उपटला. विचारात पडले की त्यांना ती सवय होती. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मुनिमहाराज हातानं केस उपटतात, हे त्यांनी ऐकलेलं होतं. आता सरावही बघायला मिळाला.

*

आता हे सगळं कशावरून निघालं, ते सांगायला हवं.

उन्हाळ्यात एकदा बंद पडलेल्या लेथवर आण्णा पाऊण तास ओरडले. लेथ चालू झाली, आण्णा खाली बसले. डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि आधी यंत्रच तपासून घेतलं. मग गोळी सुरू झाली. गोळीवर भागलं असतं, पण आण्णांचा मुलगा आर्जव शिरवळच्या एका कंपनीत होता, आणि त्या कंपनीत माणसांना शांत राहायचं शिक्षण देत असत. शिक्षण सक्तीचं होतं. तो म्हणाला, "दादा, गोळीनं आकडा खाली येतो, माणूस न्हाई येत." आणि त्यानं वडलांना साताऱ्याच्या स्वानंदी मॅडमकडं नेलं. सातारा त्या बापलेकांना बरोबर मधे पडायचं.

मॅडमचं वय आण्णांच्या पहिल्या स्कूटरएवढं असेल. आवाज मात्र असा, की ऐकता ऐकता माणसाला आपण आजारी असल्याचं सुख वाटावं.

"काका, तुम्ही स्वतःसाठी काय करता?"

आण्णांनी पुष्कळ विचार केला. "दाढी," ते म्हणाले.

"आणि मनासाठी? म्हणजे, आपल्या जगण्याला काही अर्थ असावा, यासाठी?"

"ते सगळं घरात बघतात," आण्णा म्हणाले. घरात म्हणजे कस्तुरी. जेवण, पै-पाहुणा, देवाधर्माचं, सुनेच्या माहेरचं, त्यातच हेही येत असणार, असं ते धरून चालले होते.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी प्रेमानं सांगायला सुरुवात केली. पहाटे गवतावर अनवाणी चालायचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं. पाठीसाठी गादी सोडून चटईवर झोपायचं, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. जे वर्षभर वापरलं नाही ते देऊन टाकायचं, कारण वस्तूंचं ओझं मनावर असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संध्याकाळी एक तास मौन. "त्या तासात कुणी आलं तर चिडायचं नाही. फक्त असा तळहात वर करायचा आणि मंद हसायचं. आपली सीमा आपणच आखायची असते, काका."

आण्णांनी तळहात वर करून दाखवला. "थोडं आणखी मंद," मॅडम म्हणाल्या.

साताऱ्यात हे ऐकायला तणावाचं नियोजन वाटतं. कृष्णा तीच, पाणीही तेच; पण ती खाली सांगलीच्या अंगाला, आण्णांच्या गावी येईपर्यंत या सगळ्याचा अर्थ पार बदलून जातो. कारण त्या गावात अर्धी घरं जैनांची. पहाटे अनवाणी चालणारा, दिवस मावळायच्या आत जेवणारा, चटईवर झोपणारा, वस्तू वाटून टाकणारा, मौन पाळणारा आणि आल्यागेल्याला तळहात दाखवून मंद हसणारा माणूस त्या गावानं पूर्वीही पाहिलेला होता. तो तणाव घालवायला निघालेला नव्हता. तो घरच सोडून निघाला होता.

आण्णांच्या हे डोक्यातही आलं नाही. आण्णांना एकावेळी एकच काम जमत असे, आणि ते काम ते मन लावून करत. मॅडमनी देऊन टाका म्हटल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि वर्षभर न वापरलेलं सगळं काढलं. सफारी सूट, मफलर, दोन छत्र्या, आणि लग्नातला कोट. कोट आकारामाला बरोबर बसला. तो घालून मोटारसायकलवरून जाताना आकारामाला कस्तुरीवहिनींनी बसथांब्यावरून पाहिलं.

संध्याकाळी आण्णा बाहेर पडवीत बसले होते तिथं आल्या, खांबाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला एकच सांगा. गावात बोलतात ते खरं हाय काय?"

मौनाचा तास चालू होता. आण्णांनी तळहात वर केला आणि मंद हसले. त्या दिवशी त्यांना ते हसू फारच चांगलं जमलं. मॅडम असत्या तर शाबासकी मिळाली असती.

कस्तुरीवहिनी बराच वेळ त्या हाताकडं बघत राहिल्या. मग आत गेल्या. त्यांना उत्तर मिळालं होतं. तास संपल्यावर आण्णांनी आत जाऊन "काय विचारत होतीस गं?" असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "काय न्हाई. आमटी गरम करू काय?"

*

आकारामानं पाय धरले त्या दिवशी कारखान्यातनं आण्णा तडक बस्तीवर गेले. बस्ती म्हणजे गावातलं जैन मंदिर, आणि त्याच्या कमिटीचे अध्यक्ष नेमगोंडा पाटील. नेमगोंडा आण्णांचा शाळेपासूनचा जोडीदार. लहानपणी दोघांनी मिळून गुरुजींच्या सायकलची हवा सोडली होती. आता नेमगोंडा उठून उभा राहिला आणि त्यानं आण्णांसाठी पाट मांडला.

"नेमा, खुळ्या, बस खाली. हे काय चाललंय गावात? मी दीक्षा-बिक्षा काय घेत न्हाई."

नेमगोंडाचे डोळे भरून आले. "बघा," तो शेजारी बसलेल्या उपाध्यांना, बस्तीच्या पुजाऱ्यांना, म्हणाला, "अहंकार गेला की माणूस असं बोलतो. खरं वैराग्य हाय म्हणून तर लपवालाय."

"आरं, लपवत न्हाई! सातारला एक मॅडम हायत..."

"त्यापण आल्या वाटेवर?"

"न्हाई रं! त्यांनी मला सांगितलं, हे सोडा, ते सोडा..."

"गुरू कुठंबी भेटतो, आण्णा. सातारला भेटला."

आण्णांचा आवाज चढायला लागला. मग त्यांना मॅडमचं आठवलं, त्यांनी डोळे मिटले आणि पोटातनं लांब श्वास घेतला. एक घेतला, दुसरा घेतला. डोळे उघडले तर उपाध्ये हात जोडून बसले होते, आणि नेमगोंडा कुजबुजत होता, "आदी किती तापट हुता म्हाईत हाय न्हवं? बघा आता."

आण्णा बाहेर आले ते गोंधळूनच. आपण नाही म्हणालो की हो म्हणालो, हेच त्यांना नीट आठवेना.

आणि खरं सांगायचं, तर गोंधळ तेवढाच नव्हता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल वेळेत तयार झाला. कुणी वाद घातला नाही. ज्या गिऱ्हाइकानं वर्षभर नोझल गळतात म्हणून डोकं खाल्लं होतं, तो सपत्नीक येऊन गेला आणि "गळू दे की आण्णा, काय एवढं!" म्हणाला. शेजारच्या सुंदरीआक्का आयुष्यभर आपल्या अंगणातला पाचोळा आण्णांच्या दारात लोटत आल्या. त्यांनी आण्णांच्या दारातला पाचोळा आपल्याकडं ओढून घेतला. सकाळी कस्तुरीवहिनी नेहमीसारखा बीपीच्या यंत्राचा पट्टा आण्णांच्या दंडाला बांधत, बटण दाबत, आणि आकडा वाचून दाखवत. आकडा दिवसेंदिवस शाळेतल्या पोरासारखा शहाणा व्हायला लागला होता.

"लय चांगलं झालंय," कस्तुरीवहिनी म्हणायच्या. त्यांचा आवाज मात्र यंत्रासारखाच, ना आनंद ना दुःख.

आण्णांना कळेना, की आपल्याला बरं वाटतंय ते श्वासानं, की लोक आपल्याला सोडून द्यायला तयार झालेत म्हणून. आणि लोक इतक्या सहज तयार झालेत, याचं वाईट कुणाला सांगावं? मॅडमना फोन लावला तर मॅडम म्हणाल्या, "काका, लोक तुमच्या सीमांचा आदर करायला लागलेत, ही किती सुंदर गोष्ट आहे!" आण्णांनी फोन ठेवला आणि मिशीचा केस उपटला. डाव्या बाजूची मिशी आता विरळ दिसायला लागली होती.

मग नेमगोंडाचा निरोप आला. विहार करत निघालेले एक मुनिमहाराज शेजारच्या गावातून रविवारी आपल्या बस्तीत येत आहेत. त्यांच्यासमोर आण्णांची ओटी भरायची. दीक्षेला निघालेल्या माणसाची गावानं ओटी भरायची, ही तिकडची रीत. नारळ, फळं, सुका मेवा पदरात घालायचा आणि मग महाराज घरच्यांना विचारणार, तुमची संमती आहे का? घरच्यांनी हो म्हटलं की झालं.

आता आण्णा खरे घाबरले. पण घाबरता घाबरता त्यांना सुटकेची वाटही दिसली. संमती कस्तुरी देणारच नाही. ती भर बस्तीत म्हणेल, "माझा माणूस मी कुठं जाऊ देणार न्हाई." आपण मान खाली घालायची, गाव हळहळेल, आणि आपण सोमवारी कारखान्यात. आपल्याला एक शब्द बोलावा लागणार नाही. चाळीस वर्षांच्या संसारात अवघड ते बोलायचं काम कस्तुरीनंच केलेलं होतं. हे एक आणखी.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून शनिवारी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. वहिनी शेंगा फोडत होत्या.

"उद्या महाराज विचारतील तुला."

"विचारू देत."

"काय सांगणार?"

"तुमची इच्छा असंल तसं सांगीन. मी कशाला आड येऊ? पुण्य हाय." शेंग फुटली. "निघायच्या आदी गॅसची टाकी बदलून जावा. मला त्यो पाना फिरवता येत न्हाई."

"म्हणजे तू हो म्हणणार?"

"तुमी हात केला न्हवं का मला? त्या दिवशी? मग आता मला काय विचारता?"

आण्णांना हात आठवला. पण तो हात सीमा आखण्याचा होता, हे सांगायचं कसं? सांगायला सीमेच्या अलीकडं यावं लागतं. ते म्हणाले, "आगं, त्यो हात तसला न्हवता..." आणि तेवढ्यात सुंदरीआक्का केळीचा घड घेऊन आत आल्या, पाठोपाठ आर्जव शिरवळहून बॅग घेऊन आला, आणि बापाला बघून दारातच रडायला लागला. "दादा, मी तुमाला बीपीसाठी नेलं हुतं वो," तो म्हणत होता. त्याची समजूत घालता घालता रात्र झाली. समजूत घालायला आण्णाच होते. आपण जात नाही, हेही त्यांनी सांगून बघितलं. पण जात नाही म्हटलं की तो आणखी रडे, कारण त्याला वाटे, दादा मायेपोटी खोटं बोलतात.

*

रविवारी बस्ती भरली. आकाराम लग्नातला कोट घालून पुढंच बसला होता. आण्णांना पांढरं धोतर नेसवून पाटावर बसवलं होतं आणि पदरासारखं धरलेलं उपरणं नारळांनी जड झालं होतं. महाराज समोर बसले होते. कृश, म्हातारे, डोळे मात्र एखाद्या चांगल्या फिटरसारखे: बघितलं की काय सैल झालंय ते कळावं.

नेमगोंडानं माइक हातात घेऊन आण्णांच्या वैराग्याचं वर्णन केलं. पहाटेचं अनवाणी चालणं, मौन, त्याग. केस उपटण्याचंही आलं. आण्णा ऐकत राहिले. क्षणभर त्यांनाच त्या माणसाबद्दल आदर वाटला.

"नमोस्तु महाराज," नेमगोंडानं समारोप केला.

महाराजांनी आण्णांकडं बघितलं. "हे सगळं कशासाठी करताय?"

प्रश्न साधा होता. आण्णांनी कस्तुरीकडं बघितलं. ती बायकांच्यात बसली होती, डोक्यावर पदर, नजर फरशीवर. ती काही बोलणार नव्हती. आण्णांना पहिल्यांदाच समजलं की हे काम कुणाच्याच अंगावर ढकलता येणार नाही.

"बीपीसाठी, महाराज."

माइक नेमगोंडाच्या हातात चालूच होता. बस्तीच्या शिखरावरच्या भोंग्यातून ते गावभर गेलं.

कुणी हसलं नाही. हसावं की नाही हे कळेपर्यंत वेळ निघून गेली. नेमगोंडाचं तोंड उघडं राहिलं. आकारामानं कोटाची बटणं लावून टाकली, न जाणो परत मागतील.

"साताऱ्याच्या बाईंनी सांगितलं हुतं," आण्णा बोलायला लागले, आणि एकदा बोलायला लागल्यावर सगळंच बोलले. "मी कारखान्यात वरडतो म्हणून. मला दीक्षा घ्यायची लायकी न्हाई महाराज, आणि धाडसबी न्हाई. मी न्हाई म्हणालो तर हे लोक नमस्कार करालेत. मग मलाबी जरा बरं वाटाय लागलं. चुकलं माझं."

महाराजांनी विचारलं, "कमी झालं का?"

"काय?"

"बीपी."

"झालं महाराज. लय कमी झालं."

"चांगलं झालं. शरीर सांभाळणं हेही काम आहे." मग ते कस्तुरीवहिनींकडं वळले. "आणि ताई, तुमचं?"

वहिनींनी मान वर केली. त्यांना वाटलं होतं संमती विचारतील. त्यासाठी शब्द ठरवून आणले होते; ते आता उपयोगाचे नव्हते.

"माझं कुणी बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांनी ते तक्रारीनं म्हटलं नाही. गॅसची टाकी संपलीय म्हणावं तसं म्हटलं. पण आण्णांच्या उपरण्यातला एक नारळ घरंगळला आणि फरशीवरून पार दारापर्यंत गेला. तो उचलायला कुणी उठलं नाही.

*

घरी आल्यावर आण्णांनी यंत्र काढलं. वहिनींच्या दंडाला पट्टा बांधायला त्यांना येत नव्हता. दोनदा उलटा बांधला. "वरती घ्या की जरा," वहिनी म्हणाल्या, "रोज मी बांधताना बघून कळलं न्हाई व्हय?" यंत्र घुंघुं करून फुगलं, थांबलं, आणि आकडा दाखवला. आर्जवनं तो चढलेला आकडा वाचला आणि साताऱ्याला फोन लावला.

या वेळी स्वानंदी मॅडमकडं वहिनी एकट्या आत गेल्या. आण्णा बाहेर बसले. आतून हसण्याचा आवाज आला, मग कुणीतरी नाक शिंकरलं. बाहेर आल्यावर आण्णांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" वहिनी म्हणाल्या, "ते माझं मला सांगितलंय."

गाव आण्णांवर थोडे दिवस रुसलं. सुंदरीआक्कांनी पाचोळा परत लोटला, कालपर्यंतचा हिशेब धरून. गिऱ्हाइकाचे नोझल परत गळायला लागले. आण्णा परत ओरडायला लागले, पण ओरडून झाल्यावर आता जरा ओशाळत, आणि त्यामुळं आकाराम त्यांना जास्तच घाबरत असे. पूर्वी निदान मालकाच्या मनात काय आहे ते कळायचं तरी.

एका संध्याकाळी आण्णा घरी आले तेव्हा दिवस मावळायला थोडा वेळ होता. पडवीत कस्तुरीवहिनी चटईवर बसल्या होत्या. पाय अनवाणी, डोळे मिटलेले. गॅसवर काही नव्हतं.

"आगं, जेवणाचं..."

वहिनींनी तळहात वर केला. आणि हसल्या, मंद.

आण्णा आत गेले. आमटी करायची एवढं त्यांना कळलं. डाळ सापडली. चिंच सापडेना. सगळे डबे उघडून बघितले. डब्यांवर नावं नव्हती, कारण नावं वाचायची ज्या बाईला कधी गरज पडली नव्हती, ती बाहेर मौनात होती. ते पळी हातात घेऊन परत दारात आले. विचारावं, तर तास चालू. न विचारावं, तर आमटी आंबट कशी होणार?

तेवढ्यात त्यांना फाटकाशी सुंदरीआक्का दिसल्या. आक्कांनी वहिनींकडं टक लावून बघितलं. मग आण्णांकडं. मग सावकाश चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"आक्का, आवं थांबा!" आण्णा पळी घेऊन धावले. "तसलं काय न्हाई. हे बीपीसाठी हाय."

"कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं होतं? आण्णांनी तर विचारलंच नव्हतं. साताऱ्याच्या त्या बंद दाराआड काय ठरलं, ते तिचं तिला माहीत. कपाटातनं तिनं काही देऊन टाकलंय का, तेही त्यांनी बघितलेलं नव्हतं.

त्यांनी वळून बायकोकडं बघितलं. हात अजून वरच होता. तो कसला हात आहे, हे त्या हाताकडं बघून काही केल्या कळेना.

आक्का हात जोडून उभ्याच होत्या. आण्णांनी पळी पायरीवर ठेवली, मिशीकडं गेलेला हात अर्ध्यातून खाली आणला, आणि चटईच्या कडेला, कस्तुरीच्या शेजारी, तास संपायची वाट बघत बसले.